जुनी ऑटोमॅटिक झटके देते तेव्हा: गिअरबॉक्स उघडण्याआधी काय तपासायचं

इंदूरहून महेश्वरला जाताना भेरू घाट उतरणीचा असतो, त्यामुळे जुन्या ऑटोमॅटिक गाडीचं दुखणं जाताना झाकलेलं राहतं. संध्याकाळी परत येताना तोच घाट चढायचा असतो. मे महिना, एसी चालू, गाडीत पाच माणसं, आणि नर्मदेच्या खोऱ्यातून थेट माळव्याच्या पठारावर. मानपूर यायच्या आत इंजिनाचा आवाज चढतो, पण गाडी त्या मानाने पुढे सरकत नाही. कशीबशी घरी येते, रात्रभर थंड होते आणि सकाळी काही झालंच नाही अशी चालते. मिस्त्री गल्लीतून एक चक्कर मारतो आणि सांगतो, “गाडी तर ठीक आहे.”

गाडी ठीक नाही. पण म्हणून गिअरबॉक्स गेला असंही नाही. “गरम झाल्यावर, चढावर, भार असताना घसरते, थंड असताना घसरत नाही” एवढी माहिती मालकाने नीट दिली तरी निदानाचं निम्मं काम होतं. ती नसली की अंदाजाने बॉक्स उघडला जातो, आणि एकदा उघडला की खर्च कित्येकदा जुन्या गाडीच्या उरलेल्या किमतीच्या जवळ पोचतो. म्हणून तपासणीचा क्रम महत्त्वाचा: जे फुकटात बघता येतं ते आधी, जे काहीशे रुपयांत होतं ते नंतर, आणि बॉक्स खाली उतरवणं सगळ्यांत शेवटी.

आधी ओळखा, आपला ऑटोमॅटिक कोणता

गिअरच्या दांड्याजवळ आर-एन-डी लिहिलेलं दिसलं की आपण सरसकट “ऑटोमॅटिक” म्हणतो. आत मात्र चार वेगवेगळ्या यंत्रणा असू शकतात. टॉर्क कन्व्हर्टर असलेला पारंपरिक बॉक्स जुन्या कोरोला ऑल्टिसमध्ये, चार गिअरच्या आय१० मध्ये आणि २००८ ते २०१३ च्या होंडा सिटीत मिळतो. सीव्हीटीत ठरावीक गिअर नसतात. दोन पुली आणि त्यांच्यावरचा पोलादी पट्टा असतो. ड्युअल क्लच, म्हणजे डीएसजीसारखा, २०१३ च्या पोलो जीटी टीएसआयमध्ये आहे. आणि एएमटी म्हणजे साधा हाताचा गिअरबॉक्सच, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम यंत्र करतं. आपल्याकडे हा प्रकार २०१४ च्या सेलेरिओपासून घरोघर पोचला. पुढचं बहुतेक विवेचन पहिल्या प्रकाराचं आहे, कारण दहा-पंधरा वर्षं जुन्या गाड्यांत तोच जास्त सापडतो. बाकी तिघांचं शेवटी बघू. एकाची चाचणी दुसऱ्यावर केली तर नुकसान होतं, म्हणून ही ओळख आधी पटवून घ्यायची.

आत नेमकं काय चालतं

ताकाच्या भांड्यात रवी जोरात घुसळली की भांडंही तिच्याबरोबर फिरू बघतं, म्हणून आपण ते पायांत घट्ट धरतो. टॉर्क कन्व्हर्टरचं काम असंच चालतं. इंजिन रवी फिरवतं, मधे ऑइल असतं, आणि त्या फिरत्या ऑइलच्या जोराने पलीकडची चकती म्हणजे टर्बाइन फिरते. सिग्नलला डी मध्ये ब्रेक दाबून उभं राहणं म्हणजे भांडं पायांत धरणं. इंजिनाची सगळी मेहनत मग ऑइल गरम करण्यात जाते. जवाहर मार्गावरच्या कोंडीत गिअरबॉक्स हायवेपेक्षा जास्त तापतो तो यामुळेच. वेग साधारण ५०-६० च्या पुढे स्थिरावला की कन्व्हर्टरमधला लॉक-अप क्लच दोन्ही बाजू एकमेकींना जखडतो आणि घसरण थांबते.

कन्व्हर्टरच्या मागे गिअर आणि क्लच पॅक असतात. क्लच पॅक म्हणजे ऑइलमध्ये बुडालेल्या पातळ चकत्यांची चवड. एक पिस्टन ऑइलच्या दाबाने ही चवड दाबतो, चकत्या एकमेकींना धरतात आणि तो गिअर लागतो. दाब तयार करतो पंप, तो कुठे पाठवायचा ते ठरवतो व्हॉल्व्ह बॉडी नावाचा ऑइलच्या वाटांचा चक्रव्यूह, आणि त्यातली दारं उघडझाप करतात विजेवर चालणारे सोलेनॉइड. त्यांना हुकूम देणारा छोटा संगणक म्हणजे टीसीएम. तो वेगाचे दोन सेन्सर, ऑइलच्या तापमानाचा सेन्सर आणि इंजिनाकडून येणारी माहिती वाचून निर्णय घेतो.

कित्येक चार गिअरच्या बॉक्समध्ये इंजिन आयडलवर, म्हणजे अॅक्सिलरेटर न देता नुसतं चालू असताना हा दाब ४ बारच्या आसपास असतो, आणि पूर्ण जोर लागला की १० बारच्या वर जातो. पिस्टनचे रबरी सील जुने झाले की कडक होतात. ऑइल तापून पातळ झालं की अशा सीलच्या कडेने गळतं, दाब कमी पडतो, चकत्या घसरतात. घसरण्याने आणखी उष्णता होते, तिने ऑइल आणखी पातळ होतं. भेरू घाटात गाडी उचलेनाशी होते ती या चक्रात सापडून. निरोगी बॉक्सचं ऑइल साधारण ७५ ते ९५ अंशांत असतं. १२० च्या पुढे ते झपाट्याने बिघडतं.

उलट तक्रारही असते. सकाळी डी टाकला की दोन-तीन सेकंद काहीच होत नाही, मग धाडकन गिअर लागतो, आणि दिवसभर पुन्हा त्रास नाही. तेच कडक सील थंड असताना नीट बसत नाहीत, किंवा रात्रभरात कन्व्हर्टरमधलं ऑइल खाली उतरून जातं आणि पंपाला ते आधी भरून काढावं लागतं. गरम झाल्यावर बिघडणारी आणि थंड असताना बिघडणारी गाडी ही दोन वेगळी दुखणी आहेत. मिस्त्रीला सांगताना हा फरक पहिल्या वाक्यात यायला हवा.

ऑइल बघण्याची रीत, आणि त्यात होणाऱ्या चुका

सगळ्यांत जास्त घोळ इथेच होतो, म्हणून जरा सविस्तर.

ऑइलची पातळी बघायची पद्धत गाडीगणिक वेगळी आहे. टोयोटासारख्या बऱ्याच गाड्यांत ऑइल पूर्ण गरम करायचं, म्हणजे किमान १५-२० मिनिटं गाडी चालवायची, सपाट जागी उभी करायची, ब्रेक दाबून दांडा पी पासून एल पर्यंत प्रत्येक जागी दोन-तीन सेकंद थांबवत नेऊन परत पी वर आणायचा, आणि इंजिन चालू ठेवूनच डिपस्टिक बघायची. होंडाच्या जुन्या टॉर्क कन्व्हर्टर गाड्यांत उलट: गरम करून इंजिन बंद करायचं आणि ६० ते ९० सेकंदांच्या आत बघायचं. होंडाची रीत टोयोटाला लावली तर ऑइल खूप जास्त दिसतं, टोयोटाची होंडाला लावली तर कमी. कमी दिसलं म्हणून वर ओतलं की नवाच बिघाड सुरू होतो. कमी ऑइलमध्ये पंप हवा ओढतो आणि फेस होतो. जास्त ऑइलमध्ये फिरते भाग ते घुसळून पुन्हा फेसच करतात. फेसाला दाब धरता येत नाही, त्यामुळे दोन्ही चुकांचं लक्षण एकच: घसरणं.

ज्या बॉक्सला डिपस्टिकच नाही, त्यात खालच्या बाजूला पातळीचा बोल्ट असतो. इंजिन चालू ठेवून, ऑइल कंपनीने दिलेल्या तापमानाला असताना (बहुधा ३५ ते ४५ अंशांच्या पट्ट्यात), तो बोल्ट उघडला की थेंबथेंब यायला हवं. धार लागली तर ऑइल जास्त आहे, काहीच आलं नाही तर कमी. उन्हाळ्यात इंदूरला दुपारी उभी गाडीच त्या पट्ट्याच्या जवळपास असते, म्हणून हे काम सकाळी लवकर करावं, आणि तापमान हाताने नाही, स्कॅनरवर वाचावं.

आता ऑइलच काय सांगतं ते बघू. डिपस्टिकवरचा एक थेंब पांढऱ्या टिश्यूवर सोडा आणि दहा मिनिटं थांबा. लालसर डाग एकसारखा पसरला तर चांगलं. तपकिरी पण स्वच्छ असेल तर ऑइल म्हातारं झालंय, बदलायचं. मधे काळा ठिपका राहिला आणि कडेला ऑइल पसरलं तर चकत्यांचं अस्तर झिजून त्यात मिसळतंय. जळका, करपलेल्या रबरासारखा वास आला तर क्लच घसरून भाजले आहेत. चिमटीत चोळल्यावर बारीक कच लागली किंवा उन्हात चमचम दिसली तर धातू झिजतोय. नुसत्या रंगावर निकाल देऊ नये. काही ऑइल थोड्याच वापरात काळवंडतं तरी निरोगी असतं, आणि सगळ्याच कंपन्यांचं ऑइल लाल नसतं.

गुलाबी, दुधाळ ऑइल दिसलं तर मात्र गाडी तिथल्या तिथे बंद करा. बऱ्याच गाड्यांत गिअरबॉक्सच्या ऑइलचा कूलर रेडिएटरच्या आतच असतो. त्याची भिंत गंजून फुटली की कूलंट ऑइलमध्ये जातं. रेडिएटरमध्ये वर्षानुवर्षं बोअरिंगचं जड पाणी ओतलेल्या गाड्यांना हा धोका जास्त. कूलंटमधलं ग्लायकोल आणि पाणी चकत्यांवरच्या अस्तराचा चिकटा सोडवतात, आणि अस्तर सुटू लागलं की तो बॉक्स ऑइल बदलून वाचत नाही. हे फार लवकर, थोड्याच किलोमीटरमध्ये लक्षात आलं तर रेडिएटर बदलून आणि बॉक्स पुन्हा पुन्हा धुऊन काही वेळा निभावतं. जुन्या गाडीत योग्य कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी यांवर केलेला खर्च म्हणूनच गिअरबॉक्सवरचाही खर्च आहे.

ऑइल बदलावं का

“जुन्या बॉक्सचं ऑइल बदलू नका, बदललं की बंद पडतो,” हे सराफ्यापासून देवास नाक्यापर्यंत कुणीही सांगेल. यात अर्धं खरं आहे. जो बॉक्स आधीच घसरतोय, ज्याचं ऑइल जळकं आहे, त्याच्या चकत्यांवर अस्तरच उरलेलं नाही. नवं ऑइल ते परत आणू शकत नाही. असा बॉक्स ऑइल बदलल्यावर महिन्याभरात थांबतो आणि दोष नव्या ऑइलवर येतो. पण ज्याचं ऑइल फक्त जुनं झालंय, गिअर जरा खडबडीत पडतायत किंवा लॉक-अपला थोडी थरथर आहे, त्याला ताजं ऑइल बहुधा फायद्याचं ठरतं.

एकच सांभाळायचं: मशीनने जोर लावून फ्लश करू नका. साधं खालून सोडा आणि वरून भरा. बॉक्समध्ये एकूण ७ लिटर ऑइल असेल तर खालच्या बोल्टमधून एका वेळी साधारण ३ लिटर निघतं, बाकीचं कन्व्हर्टर आणि कूलरमध्ये अडकून राहतं. म्हणजे पहिल्या वेळेनंतर ५७ टक्के जुनं उरतं, दुसऱ्यानंतर ३३, तिसऱ्यानंतर १९. दोन वेळांमध्ये २००-३०० किलोमीटर चालवा. एकूण ९ लिटर ऑइल लागतं, काम सावकाश होतं, आणि आतली घाण एकदम उखडून व्हॉल्व्ह बॉडीच्या बारीक वाटांत अडकत नाही.

काम करताना भरायचा बोल्ट आधी सैल करून घ्या, मगच सोडायचा बोल्ट उघडा. वरचा बोल्ट जाम निघाला आणि खालचं सगळं ऑइल वाहून गेलेलं असलं तर गाडी तिथेच अडकते. निघालेलं ऑइल खुणा केलेल्या बाटल्यांत मोजा आणि तेवढंच भरा, मग पातळी बघून १००-२०० मिली कमीजास्त करा. पॅन उघडणार असाल तर आतल्या चुंबकांकडे नीट बघा. त्यांच्यावर राखाडी, मऊ, शेवाळासारखा थर असणं अगदी नेहमीचं आहे. लोखंडाचे टोकदार तुकडे, पितळी रंगाचे कण किंवा पॅनच्या तळाशी काळ्या अस्तराचा गाळ दिसला तर आतलं काम निघालंय.

ऑइल कोणतं, यात तडजोड नको. होंडाच्या जुन्या झेड१ च्या जागी आता डीडब्ल्यू-१ चालतं, पण टोयोटाच्या टी-फोर मागणाऱ्या बॉक्समध्ये पातळ डब्ल्यूएस टाकू नये. ह्युंदाईच्या जुन्या चार गिअरच्या बॉक्सला एसपी-थ्री लागतं. सुट्या डब्यातलं “सगळ्या गाड्यांना चालतं” असं ऑइल घेण्यापेक्षा मॅन्युअलमधलं नाव लिहून नेलेलं बरं.

दोष गिअरबॉक्सचा नसतोच तेव्हा

डी किंवा आर टाकताना ‘ठक्’ असा धक्का बसतो, ही फार नेहमीची तक्रार, आणि तिचं मूळ पुष्कळदा फाटलेल्या इंजिन माउंटमध्ये असतं. बॉनेट उघडा, एकाला आत बसवा, पायाचा आणि हाताचा ब्रेक घट्ट, मग डी-आर-डी असा दांडा हलवायला सांगा. बघणाऱ्याने गाडीच्या बाजूला उभं राहायचं, पुढे कधीही नाही. इंजिन जागेवरून बोटभर किंवा जास्त उचललं जात असेल तर माउंट गेलं. तेवढंच बदलून धक्का थांबतो.

आयडल वाढलेला असेल, थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमीजास्त करणारी झडप) काळी झाली असेल, तरी गिअर लागताना धक्का बसतो; आधी ती साफ करून घ्या. वेग घेताना थरथर येत असेल तर चाकाकडे जाणाऱ्या दांड्याचा आतला सांधा, म्हणजे सीव्ही जॉइंट, तपासा. आणि दांडा पी मधून निघतच नाही, तेव्हा ब्रेक दाबल्यावर मागचे दिवे लागतात का ते बघा. लागत नसतील तर ब्रेक पेडलजवळचा स्विच किंवा फ्यूज गेलाय, गिअरबॉक्सला हातही लावायची गरज नाही.

बॅटरीकडे दुर्लक्ष फार होतं. उभ्या गाडीत १२.४ व्होल्टच्या खाली, किंवा इंजिन चालू असताना १३.८ च्या खाली दिसलं तर आधी ते दुरुस्त करा. कमी व्होल्टेजला टीसीएम बिघाडाचे विचित्र कोड नोंदवतो आणि सोलेनॉइड अर्धवट काम करतात. पावसाळ्यात अजून दोन गोष्टी घडतात. तुंबलेल्या पाण्यातून गाडी गेली की बॉक्सवरच्या गिअर-स्थिती स्विचमध्ये ओल शिरते. मग पी मध्ये गाडी सुरू होत नाही, एन मध्ये होते, किंवा डॅशवर दुसराच गिअर दिसतो. आणि कोरडी जागा शोधत उंदीर इंजिनजवळ येतात व वायरी कुरतडतात. गिअरबॉक्सकडे जाणारी वायरची जुडी हाताने शेवटपर्यंत चाचपून बघायला पाच मिनिटं लागतात.

रस्त्यावर काय बघायचं

चाचणीसाठी सुपर कॉरिडॉरसारखा मोकळा रस्ता सकाळी लवकर घ्या, आणि शेजारी बसलेल्याला फोनवर टॅकोमीटरचं, म्हणजे आरपीएम दाखवणाऱ्या काट्याचं, चित्रण करायला सांगा. गाडी चालवणाऱ्याने आरपीएमकडे बघत राहू नये. हलक्या पायाने वेग घ्या. चार गिअरच्या साध्या पेट्रोल गाडीत दुसरा गिअर साधारण १५-२० ला, तिसरा ३०-४० ला, चौथा ५०-६० ला पडतो, आणि त्यानंतर आरपीएम अजून २००-३०० ने खाली उतरतो तो लॉक-अप. अशा चार उतरण्या मोजता आल्या तर सगळे गिअर लागतायत. एक कमी पडली तर कोणती, ते लिहून ठेवा.

गिअर बदलताना आरपीएम उतरण्याऐवजी आधी ३००-५०० ने वर उडी मारून मग उतरत असेल तर तो क्लच धरायला उशीर करतोय. याची नोंद “दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना, ४० च्या आसपास, गरम झाल्यावर” इतकी नेमकी हवी. कारण प्रत्येक बॉक्सच्या मॅन्युअलमध्ये कोणत्या गिअरला कोणता क्लच लागतो याचा तक्ता असतो. बऱ्याच चार गिअरच्या बॉक्समध्ये तिसरा आणि रिव्हर्स एकच क्लच वापरतात. दोन्ही घसरत असतील तर संशयित एकच उरतो. तिसरा घसरतो पण रिव्हर्स घट्ट धरतो, तर क्लचपेक्षा त्याच्याकडे जाणारी ऑइलची वाट, म्हणजे व्हॉल्व्ह बॉडी किंवा सोलेनॉइड, आधी तपासायचा. चांगला मिस्त्री हा तक्ता बघतो. तुम्ही नोंद दिली नाही तर त्याला बघण्यासारखं काही उरत नाही.

६०-७० च्या स्थिर वेगाला, हलक्या अॅक्सिलरेटरवर, खडबडीत रस्त्यावरून गेल्यासारखी बारीक थरथर येते, हे लॉक-अपचं लक्षण. पण इंजिनचा मिसफायर, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट न पेटणं, हाही अगदी असाच भासतो. फरक काढायचा सोपा उपाय आहे. रस्ता मागे-पुढे मोकळा असताना उजवा पाय तसाच ठेवून डाव्या पायाने ब्रेकला फक्त दिवा लागण्याइतका स्पर्श करा. त्या सिग्नलने लॉक-अप सुटतो. थरथर तत्काळ थांबली तर दोष लॉक-अपचा, आणि आधी ताजं ऑइल देऊन बघण्यासारखी स्थिती आहे. तशीच राहिली तर स्पार्क प्लग आणि कॉइल बघा.

आवाजाचीही अशीच विभागणी करता येते. घूं-घूं आवाज उभ्या गाडीत, पी मध्येसुद्धा, आरपीएमबरोबर चढत-उतरत असेल तर पंप किंवा तुंबलेला फिल्टर. फक्त गाडी चालताना येतो आणि वेगाबरोबर बदलतो, तर आतलं बेअरिंग, डिफरेन्शियल, नाहीतर नुसतं चाकाचं बेअरिंग.

घरी करता येईल अशी आणखी एक मोजणी आहे. बॉक्स गरम, एसी बंद, ब्रेक दाबलेला. एन मधून डी टाकल्यापासून गिअर लागल्याचा हलका हिसका जाणवेपर्यंतचा वेळ मोजा. मधे एक-एक मिनिट थांबत तीनदा मोजून सरासरी काढा. टोयोटाच्या मॅन्युअलमध्ये डी साठी १.२ सेकंद आणि आर साठी १.५ सेकंद ही वरची मर्यादा असते. इतर गाड्यांनाही अंदाजासाठी ती चालते. फक्त डी ला उशीर म्हणजे गाडी पुढे नेणाऱ्या गिअरचा क्लच. दोन्हींना उशीर म्हणजे मुळातला दाबच कमी.

स्टॉल टेस्ट, म्हणजे ब्रेक दाबून डी मध्ये पूर्ण अॅक्सिलरेटर देऊन आरपीएम किती वर जातो ते बघणं, मालकाने करू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. ती पाच सेकंदांपेक्षा जास्त करता येत नाही, मधे एन मध्ये थंड होऊ द्यावं लागतं, आणि ब्रेक दगा देऊ शकतो. गॅरेजमध्ये होत असेल तर चाकांना ठोकळे लावले आहेत ना ते बघा. आकडा मॅन्युअलपेक्षा बराच जास्त आला तर चकत्या घसरतायत. कमी आला तर इंजिनात दम नाही किंवा कन्व्हर्टरमधला एकाच दिशेने फिरणारा क्लच गेलाय. त्यापेक्षा प्रेशर गेज लावून दाब मोजणं कमी जोखमीचं आणि जास्त बोलकं.

स्कॅनर काय सांगतो, काय नाही

भारतात चारचाकींना ओबीडी-टू, म्हणजे गाडीने स्वतःचे बिघाड नोंदवून स्कॅनरला सांगायची ठरीव पद्धत, एप्रिल २०१३ पासून बंधनकारक झालं. त्याआधीच्या गाडीत ब्लूटूथवर चालणारा स्वस्त स्कॅनर बोलेलच असं नाही. तो बोलला तरी कित्येकदा फक्त इंजिनाचे कोड वाचतो. पी०७०० एवढाच दिसला तर त्याचा अर्थ “गिअरबॉक्सच्या संगणकाला काही सांगायचंय” इतकाच असतो. पुढचं वाचायला टीसीएमपर्यंत पोचणारा स्कॅनर लागतो.

कोड दोन जातींचे असतात आणि हा फरक समजला तर खूप पैसे वाचतात. पी०७१५ किंवा पी०७२० हे वेगाच्या सेन्सरचे, पी०७५३ सोलेनॉइडच्या वायरिंगचा. ही विजेची तक्रार आहे आणि बहुधा बॉक्स खाली न उतरवता मिटते. मल्टिमीटरने सोलेनॉइडचा रोध मोजा: टोयोटाच्या साध्या चालू-बंद सोलेनॉइडचा ११ ते १५ ओहम, दाब कमीजास्त करणाऱ्याचा ५ ओहमच्या जवळपास. इतर कंपन्यांचे आकडे त्यांच्या मॅन्युअलमधून घ्या. उलट पी०७३१ ते पी०७३६ हे कोड सांगतात की टीसीएमने आत शिरणारा आणि बाहेर पडणारा वेग ताडून बघितला आणि ठरलेलं गुणोत्तर जमलं नाही. म्हणजे घसरण प्रत्यक्ष मोजली गेली आहे. पी०७४१ हा लॉक-अप धरत नसल्याचा.

गाडी अचानक एकाच गिअरमध्ये, बऱ्याचदा तिसऱ्यात, अडकून राहिली तर टीसीएमने बचावाचा पवित्रा घेतलाय: सोलेनॉइडची वीज तोडून, ऑइलच्या दाबाने आपोआप लागणारा गिअर तेवढा ठेवलाय. इंजिन बंद करून चालू केलं की गाडी पुन्हा नीट चालू शकते. याला दुरुस्ती समजू नका. आणि कोड लिहून घेतल्याशिवाय कुणालाही बॅटरीची तार काढू देऊ नका; बऱ्याच गाड्यांत कोड त्याबरोबर पुसले जातात.

सीव्हीटी, ड्युअल क्लच आणि एएमटी

सीव्हीटीत जोरात अॅक्सिलरेटर दिल्यावर आरपीएम वर जाऊन तिथेच थांबतो आणि वेग मागून येतो. हा दोष नाही. दोष म्हणजे सुटतानाची थरथर आणि वेगाबरोबर वाढत जाणारी धातूची किणकिण. २००८ च्या आधीच्या सिटी सीव्हीटीत टॉर्क कन्व्हर्टर नसून स्टार्ट क्लच आहे, आणि तिची सुटतानाची थरथर बऱ्याचदा तिथून येते. योग्य ऑइल आणि स्टार्ट क्लचचं कॅलिब्रेशन हा पहिला उपाय. सीव्हीटीत साधं एटीएफ (पारंपरिक ऑटोमॅटिकचं ऑइल) कधीही टाकू नये आणि स्टॉल टेस्ट कधीही करू नये. पट्टा पुलीवर घसरला की तिच्यावर कायमचा चरा पडतो.

कोरड्या ड्युअल क्लचचा शत्रू म्हणजे राजवाड्याजवळची रांगती वाहतूक. पुढच्या गाडीपासून थोडं अंतर पडू द्या आणि मग एकदाच पुढे जा. दर दोन फुटांना सरकलात तर क्लच अर्धवट दाबलेलाच राहतो.

एएमटीत डॅशवर एन लुकलुकतो, गिअर लागत नाही, चढावर करपल्याचा वास येतो. बघायचं ते क्लच, अॅक्च्युएटर (क्लच दाबणारं आणि गिअर टाकणारं यंत्र) आणि त्याचं ऑइल. दार उघडल्यावर किंवा चावी फिरवल्यावर पंपाचा घर्र आवाज पूर्वीपेक्षा खूप वेळा येऊ लागला असेल तर दाब कुठेतरी गळतोय. क्लच बदलल्यावर स्कॅनरने नव्या क्लचची ओळख करून द्यावीच लागते. न करता दिलेली गाडी घेऊ नका. आणि चढावर अॅक्सिलरेटरवर गाडी रोखून धरू नका, हँडब्रेक वापरा.

बॉक्स उघडायचंच ठरलं तर

जळका वास, पॅनमध्ये काळा गाळ, पी०७३१ सारखा कोड आणि कमी दाब, ही चारही एका दिशेला बोट दाखवत असतील तर काम निघालंय हे मान्य करावं. तेव्हा गॅरेजशी आधीच, शक्यतो कागदावर, ठरवून घ्या: क्लच आणि सीलचा पूर्ण संच बदलणार की फक्त जळलेला पॅक? एका पॅकचं काम स्वस्त पडतं, पण बाकीचे सील तितकेच जुने असतात आणि वर्षभरात बॉक्स पुन्हा उतरतो. कन्व्हर्टर बदलणार की उघडून नवा करणार? जुनाच परत बसवला तर त्यातली काळी घाण पहिल्याच दिवशी नव्या चकत्यांवर येते. काढलेले भाग दाखवायला सांगा. सेकंड-हँड बॉक्स बसवणार असाल तर पॅन उघडून चुंबक बघितल्याशिवाय पैसे देऊ नका, आणि इंजिनाचा व बॉक्सचा कोड जुळतो का ते तपासा.

एक काम हमखास राहून जातं: कूलर आणि त्याच्या नळ्या. जुन्या बॉक्सचा सगळा चुरा त्यात साचलेला असतो. त्या दोन्ही बाजूंनी धुऊन घ्याव्यात, आणि रेडिएटरच्या आतला कूलर जुना असेल तर बदलावा. धुऊन झाल्यावर परतीच्या नळीतून किती ऑइल येतंय ते बघायला सांगा: बारीक धार आली तर आत अजून अडथळा आहे. नव्या बॉक्सचं पहिलं ऑइल १,००० किलोमीटरला सोडून चुंबक पुन्हा बघा, आणि त्यानंतर शहरातल्या गाडीला दर ४०,००० किलोमीटरला.